नंदीचं कपाळ

मुखेडच्या बाजारगल्लीत बसलिंगप्पा उमरगे यांचं तेलाचं दुकान होतं. करडईचं आणि भुईमुगाचं. दुकान वडिलांचं, मापं वडिलांची, गिऱ्हाइकंही बरीचशी वडिलांचीच. स्वतःची म्हणून बसलिंगप्पांनी आयुष्यात एकच गोष्ट घरी आणली होती, ती म्हणजे मोटारसायकल.

ऐन पंचविशीत ते नवा तराजू घ्यायला नांदेडला गेले होते. तिथं रेल्वेतले एक साहेब बदली होऊन निघाले होते आणि त्यांच्या अंगणात ही लाल टाकीची, दोन सायलेन्सरांची गाडी विकायला उभी होती. तराजू नांदेडलाच राहिला. गाडी चालू कशी करायची ते साहेबांनी शिकवलं. थांबवायची कशी, हे बसलिंगप्पांनी कंधारजवळ एका कडब्याच्या गंजीत शिकून घेतलं. अंगभर कडबा लेवून ते मुखेडात शिरले तेव्हा अर्धा गाव मागून पळत होता. आवाज असा, की गल्लीतल्या कोंबड्या माळवदावर गेल्या. शेपटासारखा निळा धूर मागं लोंबत होता, कारण टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलातच तेल कालवून पाजावं लागतं आणि साहेबांनी निरोप म्हणून चांगलं सढळ हातानं पाजलं होतं.

बसलिंगप्पांची आई पार्वतम्मा, म्हणजे सगळ्या गल्लीची अव्वा, ओवाळायचं ताट घेऊन बाहेर आली. तिनं हँडल बघितलं, पुढचा दिवा बघितला, रुंद पाठ बघितली आणि जाहीर केलं की हा नंदी आहे. नंदी म्हटल्यावर कपाळावर विभूतीचे तीन पट्टे हवेतच. कपाळ कुठलं, यावर थोडा खल झाला. शेवटी टाकीवरचं पेट्रोल ओतायचं गोल, चकचकीत झाकण तिला पसंत पडलं. शिंगांच्या मागं कपाळ कसं असेल, असं उमादेवीनं, म्हणजे सुनेनं, दबक्या आवाजात विचारलं. अव्वा म्हणाली की माझ्या नंदीचं तिथंच आहे.

तेव्हापासून रोज सकाळी लिंगपूजा आटोपली की अव्वा वाटीत विभूती ओली करायची, अंगणात यायची आणि झाकणावर तीन बोटं ओढायची. आणि रोज दुकान उघडायच्या आधी बसलिंगप्पा दोन बादल्या पाणी घेऊन नंदीला न्हाऊमाखू घालायचे. टाकीवरचं कंपनीचं नाव त्या घासण्यात कधीच निघून गेलं होतं. आता ती कुणाच्याच कंपनीची नव्हती, उमरग्यांची होती. वीसएक वर्षं असा संसार चालला. वसुलीला, लग्नकार्याला, उदगीरच्या बाजाराला, कुठंही जायचं तर नंदी. आणि चढावर धाप लागली तरी नंदीनं कधी दगा दिला नाही.

मग लातूरचा जिल्हा झाला. दुकानात त्या विषयावर आठवडाभर बैठक चालली. मुखेड होतं तिथंच, नांदेड जिल्ह्यात राहिलं. बसलिंगप्पांची लेक शिवकांता मात्र लातूरला दिलेली. ती घरही न बदलता रातोरात नव्या जिल्ह्यात गेली. बसलिंगप्पांना याचं फार कौतुक. आमची पोरगी जिल्ह्याच्या गावी असते, असं ते तेल मोजता मोजता सांगायचे आणि त्या भरात माप थोडं सांडायचं.

त्याच्याच मागं दुष्काळ आला. विहिरींचा तळ दिसू लागला, बाजारगल्लीत टँकर येऊ लागला आणि टँकरपुढे घागरींची रांग लागली. घरातलं पाणी उमादेवीच्या ताब्यात गेलं. पहिल्याच दिवशी तिनं नंदीच्या दोन बादल्या बंद केल्या. माणसं दोन दिवसांआड न्हाऊन राहिलीत आणि बैलाला रोज आंघोळ, असं तिचं म्हणणं. बसलिंगप्पा नुसत्या फडक्यानं धूळ झटकू लागले. झाकणाला मात्र फडकं लागत नव्हतं. कोरड्या फडक्यानं विभूती पुसायची म्हणजे काय? ती पाण्यानंच उतरवायची असते, आणि पाणी नव्हतं. अव्वाचे तीन पट्टे कालच्या तीन पट्ट्यांवर, ते परवाच्यांवर, असे बसत गेले. अव्वाला उलट बरं वाटायचं. नंदी कसा भरल्या कपाळाचा दिसतो, म्हणायची.

आणि नंदी रस्त्यात थांबू लागला.

थांबण्याची रीतही मोठी विचित्र होती. घरून निघताना झकास निघायचा. काही कोस गेला की आवाज बारीक व्हायचा, दोन-चार उचक्या लागायच्या आणि गप्प. बसलिंगप्पा उतरायचे, झाकण उघडून पेट्रोल आहे ना ते बघायचे, प्लग काढून पुसायचे, परत बसवायचे, किक मारायचे. चालू. म्हणून त्यांचं ठाम मत झालं की प्लग बिघडला आहे. नवा प्लग आणला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग गाव मदतीला धावलं. एस.टी. स्टँडवरच्या मिस्त्रीनं झाकण उघडून पेट्रोल बघितलं, कार्बोरेटर काढला, जेटमध्ये फुंकर मारली, किक मारली. चालू. त्याच्या मते जेटमध्ये कचरा होता. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं झाकण उघडून पेट्रोल बघितलं, कॉइलवर ओलं फडकं ठेवलं, जसं तापाच्या माणसाच्या कपाळावर ठेवतात, आणि किक मारली. चालू. शाळेतल्या सायन्सच्या मास्तरांनी झाकण उघडलं, नाक लावून वास घेतला, तेलाचं प्रमाण चुकलंय म्हणाले आणि घोटभर पेट्रोल वरून घातलं. चालू. मुखेडात त्या महिन्यात प्लगवाले, जेटवाले, कॉइलवाले आणि तेलवाले असे चार पक्ष झाले. प्रत्येकाजवळ पुरावा होता, कारण प्रत्येकाच्या हातानं गाडी चालू झालेली सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. टँकरच्या रांगेत बायका घागरीवर बसून या चार पक्षांची भांडणं ऐकायच्या, तेवढीच करमणूक.

बसलिंगप्पांचा स्वतःचा आणखी एक शोध होता. टाकी काठोकाठ भरली की नंदी लवकर थांबतो, आणि पेट्रोल थोडंच असलं की लांब जातो. त्यांनी हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं होतं आणि ते खरंच होतं. त्यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की दुष्काळात नंदीला भरल्या पोटी पळवत नाही. तेव्हापासून ते त्याला अर्धपोटीच ठेवू लागले.

उमादेवी हसायची. पण एकदा जांबच्या लग्नाहून येताना नंदी बसला तो बसलाच. त्या दिवशी बसलिंगप्पांनी हट्टानं झाकण उघडलंच नाही, कारण पेट्रोल नुकतंच घातलेलं होतं, त्यात बघायचं काय? प्लग पुसला, जेट फुंकला, कॉइलला स्वतःचा रुमाल बांधला. नंदी ढिम्म. शेवटी दोघांनी उन्हातून गाडी ढकलत आणली. उमादेवीची इरकल घामानं चिंब झाली आणि नव्या चपलेचा अंगठा तुटला. गल्लीच्या तोंडाशी किशनराव उभे होते. किशनरावांची पिठाची गिरणी आणि तिच्या शेजारी कडबा कापायचं यंत्र. बसलिंगप्पांचे लहानपणापासूनचे मित्र, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त टोचून बोलणारे. त्यांनी घाम गाळणाऱ्या दोघांकडे शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "आप्पा, पेट्रोलात करडईचं तेल कालवलं की भुईमुगाचं?"

मग त्यांनी मनातलं सांगितलं. दुष्काळी छावणीतल्या जनावरांना कडबा कापून द्यायचा होता आणि वीज सारखी जात होती. नंदीचं इंजिन काढून ते यंत्राला जोडता आलं असतं. एका जागी उभं राहून चालायचं म्हणजे रस्त्यात थांबायचा प्रश्नच नाही. उमादेवीनं पदरानं तोंड पुसलं आणि हो म्हणून टाकलं.

बसलिंगप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. नंदीनं कडबा खायचा असतो, कापायचा नसतो, एवढंच ते म्हणत राहिले. दुकानात त्यांच्या हातून मापं चुकू लागली. अव्वाला कुणी काही सांगितलं नव्हतं; ती रोज सकाळी येऊन आपले तीन पट्टे ओढत होती. नवऱ्याचा उतरलेला चेहरा बघून उमादेवीला राहवेना, पण तुटलेला अंगठाही विसरवेना. त्याच सुमारास शिवकांताच्या दुसऱ्या बाळाच्या बारशाचा निरोप आला. उमादेवीनं किशनरावांना घरी बोलावून घेतलं आणि दोघांसमोर निकाल सांगितला.

"बारशाला आम्ही याच गाडीवर लातूरला जाणार. गेली तर राहील. वाटेत ढकलावी लागली, कुणाचा एक हात जरी लागला, तर किशनभाऊ, तुम्ही घेऊन जा."

"अन् मधीच थांबली तर?" बसलिंगप्पांनी विचारलं.

"थांबू द्या. मी बी थांबते. पण ढकलायची न्हाई."

किशनरावांनी शंका काढली की ढकलली की नाही हे त्यांना कसं कळणार. उमादेवी म्हणाली, "मी मागं बसणार हाय. माझ्यावर इश्वास न्हाई का?" किशनरावांची शंका मिटली. बारशाचं आवतण त्यांनाही होतंच. ते एस.टी.नं येतो म्हणाले.

निघायच्या सकाळी बसलिंगप्पांनी नंदीला आपल्या शोधाप्रमाणे मोजकंच पेट्रोल पाजलं. अव्वानं नेहमीपेक्षा जाड विभूती लावली, प्रवास लांबचा होता म्हणून. उमादेवी कुंची आणि दुपटी असलेली पिशवी मांडीवर घेऊन मागं एका अंगाला बसली. मठाचे स्वामी दुपारी येऊन बाळाच्या गळ्यात लिंग बांधणार होते आणि मग पाळणा होता. दोघं निघाले तेव्हा चारही पक्ष गल्लीत उभे होते आणि प्रत्येक जण आपापला उपाय ओरडून सांगत होता. फटफटीच्या आवाजात एकाचंही धड ऐकू आलं नाही.

जांबच्या अलीकडे पहिली उचकी लागली. बसलिंगप्पांनी उतरून झाकण उघडलं, पेट्रोल बघितलं, प्लग पुसला. तेवढ्यात मागून लाल एस.टी. आली. खिडकीतून किशनरावांचं डोकं बाहेर आलं. "आप्पा, हात देऊ का?" ते ओरडले आणि एस.टी. धूळ उडवत निघून गेली. हात म्हणजे काय, हे तिघांनाच ठाऊक होतं. किक बसली, नंदी उठला. शिरूर ताजबंदला एस.टी. चहाला थांबलेली असताना नंदी तिच्या बाजूनं दणदणत गेला आणि उमादेवीनं बशीत चहा ओतणाऱ्या किशनरावांना मान डोलवून दाखवली.

शिरूरच्या पुढं दुसऱ्यांदा. झाकण, पेट्रोल, जेट. बसलिंगप्पा गाल फुगवून जेटमध्ये फुंकत असतानाच एस.टी. गेली. "हात देऊ का?" या वेळी खिडकीत आणखी चार डोकी होती, किशनरावांनी अख्ख्या एस.टी.ला हकीकत सांगितलेली दिसत होती. पुढं चाकूरच्या स्टँडवर एस.टी. पुन्हा मागं पडली. तेव्हा सगळी एस.टी. खिडक्यांशी आली आणि कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बसलिंगप्पांना त्याही स्थितीत बरं वाटलं. त्यांनी उगाच हॉर्न दाबला.

चाकूरच्या पुढं माळरानावर नंदी तिसऱ्यांदा बसला. वर ऊन, खाली तापलेला रस्ता, जवळ एक बाभूळ, आणि तिची सावली एका माणसापुरती. बसलिंगप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते घामात मिसळून गेलं. त्यांनी सवयीनं झाकण फिरवलं आणि पान्याला हात घातला.

"थांबा," उमादेवी म्हणाली. "आवाज ऐकला का?"

"कसला आवाज? बंदच तर हाय गाडी."

"झाकण उघडलं तेव्हा. सूं करून वारं आत गेलं."

बसलिंगप्पांना काही कळेना. उमादेवी मात्र बाभळीची सावली सोडून पुढं आली. तेलाचे सीलबंद डबे फोडण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. डब्याला एकच भोक पाडलं तर तेल घोट-दोन घोट येतं आणि अडतं. कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की सूं करून वारं आत शिरतं आणि धार मोकळी होते. अगदी तोच आवाज तिनं आता ऐकला होता.

"पाना ठेवा खाली. प्लग नको, जेट नको. झाकण लावा अन् नुसती किक मारा."

"तशी कशी चालू होईल? काही केलंच न्हाई की अजून."

"झाकण उघडलं ना? तेच केलंय. त्या मिस्त्रीनं बी तेच केलं, कंपाउंडरनं बी, मास्तरनं बी. अन् जांबहून ढकलत आणली त्या दिवशी तेवढं एक केलं न्हवतं."

बसलिंगप्पांनी किक मारली. नंदी पहिल्याच किकेला डुरकला.

महिनाभराचे चार पक्ष त्यांच्या डोळ्यांसमोर एकदम कोसळले. मग त्यांना हसू फुटलं, आणि ते असं फुटलं की किकेवरचा पाय निसटून ते रस्त्यातच बसले. उमादेवीही पिशवी पोटाशी धरून हसू लागली. गेली तीस वर्षं ते गिऱ्हाइकांना सांगत आले होते की डब्याला दोन भोकं पाडा, एकानं तेल येत नसतं. आणि नंदी बिचारा एका भोकानं पीत होता. टाकी काठोकाठ असली की आत वारं कमी, म्हणून लवकर गुदमरायचा. पोट रिकामं असलं की आतल्या वाऱ्यावर जरा लांब जायचा. सगळं जिथल्या तिथं बसलं. प्रश्न एकच उरला, की नंदीला दुसरं भोक होतं कुठं?

इंजिन बंद करून दोघांनी झाकण निरखलं. झाकण कसलं, पांढरा दगडच होता तो. वीस वर्षांपूर्वी साहेबांनी झाकणाच्या मधोमध टाचणीएवढं एक भोक दाखवलं होतं, हे बसलिंगप्पांना आठवलं. त्यांना वाटलं होतं, विलायती कारागिरी असेल. ते भोक आता विभूतीच्या थराखाली होतं.

हसणं थांबलं. बसलिंगप्पा चपला काढून तापल्या रस्त्यावर अनवाणी उभे राहिले. "अव्वाची विभूती हाय," ते म्हणाले. "पान्यानं खरवडू म्हणतेस?"

ते खरवडणार नव्हते, हे उमादेवीला दिसलं. नंदी गेला तरी चालेल, पण त्या पट्ट्यांना त्यांच्या हातून लोखंड लागणार नव्हतं. आणि लातूर अजून तसं बरंच लांब होतं. मग तिनं अंबाड्यातला आकडा काढला, कुंची गुंडाळलेलं धुतलेलं दुपटं झाकणाखाली पसरलं आणि आधी झाकणाला नमस्कार केला.

"विभूती खाली सांडली तर पाप. कपाळाला लावली तर काय?"

बसलिंगप्पांनी मान हलवली. पाप नाही.

उमादेवीनं आकड्याच्या टोकानं अगदी हळू, बाळाच्या कानातला मळ काढावा तसं, मधोमध कोरायला घेतलं. खपल्या दुपट्यावर पडत गेल्या. याच वेळी मागून एस.टी. आली. खिडक्याखिडक्यांतून माणसं लोंबत होती आणि सगळ्यांच्या वतीनं किशनराव ओरडले, "हात देऊ का?" उमादेवीनं मान वर न करता आकडा हवेत हलवला. भोक मोकळं झालं. तिनं खपल्या चिमटीत चुरल्या आणि नवऱ्याच्या कपाळावर तीन पट्टे ओढले, मग स्वतःच्या. पेट्रोलचा असा भपकारा आला की दोघांनाही शिंका आल्या.

त्यानंतर नंदी जो सुटला, तो सुटला. बसलिंगप्पांचं धोतर फडफडत होतं, उमादेवीचा पदर निशाणासारखा मागं उडत होता, आणि नेहमी "हळू चालवा" म्हणणारी ती एकदाही हळू म्हणाली नाही. एस.टी. पुढं दिसली. उमादेवीनं नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. बसलिंगप्पांनी उजव्या मुठीचा कान पिरगाळला आणि नंदी एस.टी.च्या शेजारी आला, बरोबरीनं पळाला, एक एक खिडकी मागं टाकत गेला. किशनरावांच्या खिडकीशी आल्यावर उमादेवी ओरडली, "किशनभाऊ, हात देऊ का?" एस.टी.त एवढा हशा झाला म्हणे, की कंडक्टरला पुढची तिकिटं फाडायचंही सुचेना.

लातूर आलं. गंजगोलाईत शिरेपर्यंत सगळं छान होतं. पण गोलाई म्हणजे मधल्या देवळाभोवतीचा गोल बाजार. चहूकडून रस्ते फुटलेले, आणि प्रत्येकाच्या तोंडाशी तशीच दुकानं. आनंदाच्या भरात बसलिंगप्पांना लेकीचा रस्ता सापडेना. एक चक्कर झाली. उमादेवी म्हणाली हा असेल, तो निघाला भांड्यांचा. दुसरी चक्कर झाली. भाजीवाल्या आता ओळखीचं हसू लागल्या. तिसऱ्या चक्करीला एका भाजीवालीनं विचारलं की देवळाला प्रदक्षिणा घालून राहिलात का. कपाळावर विभूती होतीच. शेवटी चौथ्या चक्करीत रस्ता सापडला आणि शिवकांताची गल्ली आली. गल्लीच्या तोंडाशी नंदीनं एक लांब सुस्कारा सोडला आणि थांबला.

बसलिंगप्पांनी झाकण उघडलं. आत सूं झालं नाही. आत काहीच नव्हतं. अर्धपोटी नंदीनं उरलंसुरलं गोलाईत फिरून संपवलं होतं.

समोर चार घरं सोडून लेकीचं दार, दारात तोरण, जावई वीरण्णा पायरीवर, आणि मधल्या वेळात एस.टी.तून उतरून सरळ चालत आलेले किशनराव गल्लीच्या मधोमध. ते नुसते दोन्ही हात पुढं करून उभे राहिले. वीरण्णा सासऱ्याला मदत करायला धावत निघाला, तशी उमादेवी एवढ्या जोरात "लांब राहा" म्हणाली, की जावई भिंतीलाच टेकला.

रिझर्व्हही संपलं होतं. पण टाकी दोन्हीकडून खाली उतरलेली असते, आणि नळ एकाच बाजूला. पलीकडच्या पोटात थेंब-दोन थेंब राहतात. बसलिंगप्पांनी उपरणं कमरेला बांधलं, नंदीच्या गळ्यात हात घातला आणि नाल ठोकायला बैल पाडतात तसा त्याला अलगद नळाच्या अंगावर आडवा केला. आतलं पेट्रोल घळकन या बाजूला आलं. मग पाय रोवून त्याला उभा केला.

"हे चालत न्हाई," किशनराव म्हणाले.

"का चालत न्हाई?" उमादेवीनं विचारलं. "ढकलायची न्हाई असं ठरलं होतं. पाडायची न्हाई असं कुठं ठरलं होतं?"

"पण वैनी, हात लागला की."

"पुढं ढकलायला लागला का? जागची बोटभर तरी हलली का? खरं सांगा."

किशनरावांनी रस्ता बघितला. त्यांची गिरणी चालायची ती खऱ्या मापावर. खोटं त्यांना बोलवेना. "न्हाई हलली," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

एक किक फुकट गेली. दुसरी फुकट गेली. तिसरीला नंदीनं निळ्या धुराचा ढग सोडला आणि चार घरांचं अंतर डुरकत डुरकत तोडून तोरणाखाली येऊन उभा राहिला. आतलं बाळ दचकून रडू लागलं. स्वामी नुकतेच आसनावर बसले होते. आजी-आजोबा नमस्काराला वाकले तेव्हा स्वामींनी दोनदा नाक वर केलं आणि ही विभूती कुठल्या मठातली, असं विचारलं. बसलिंगप्पांनी "घरचीच" असं सांगितलं.

जेवताना किशनरावांनी पंगतीत सगळी हकीकत स्वतःच सांगितली आणि ती सांगता सांगता पुरणाच्या पोळ्या इतक्या खाल्ल्या, की हरल्याचं दुःख बहुतेक त्यांच्याखालीच दबलं असावं. उन्हं उतरल्यावर उमादेवी चपला घालून बाहेर आली आणि नवा जिल्हा बघायचा आहे म्हणाली. वीरण्णानं रिक्षा आणू का विचारलं. ती पेट्रोल आणा म्हणाली, आणि टाकी भरून आणा.

दुसऱ्या दिवशी दोघं मुखेडला आले ते न थांबता. अव्वा वाटी घेऊन अंगणात उभीच होती. बसलिंगप्पा उगाच हँडल पुसू लागले. शेवटी उमादेवीनंच सरळ सांगितलं की विभूतीनं नंदीचं नाक बुजत होतं.

अव्वानं झाकणावरचं कोरलेलं भोक बोटानं चाचपलं. "मला वाटलंच," ती शांतपणे म्हणाली. "मी रोज मागत होते, बसलिंगाला फार लांब नेऊ नको म्हणून. ऐकत होता बिचारा."

मग तिनं विचारलं की आता दुसरीकडं कुठं लावू. बसलिंगप्पा इतके हरखले होते, की नंदी आता घरचाच राहिला या आनंदात त्यांनी तिला सगळी गाडी हिंडून दाखवली: इथून वारं घेतो, इथून धूर सोडतो, इथं दिवा, इथं पाय. प्रत्येक जागेला काही ना काही काम निघालं. पुढच्या मडगार्डवरची नंबरची पाटी तेवढी रिकामटेकडी दिसली.

त्या आठवड्यात कंधारच्या वाटेवर एका हवालदारानं नंबर दिसत नाही म्हणून नंदीला थांबवलं. पाटी जवळून बघितली, वाकून तिच्यावरची चिमूटभर विभूती आपल्या कपाळाला लावली, आणि आता पहिले दोन आकडे दिसतात, तेवढे पुरेत, जा म्हणाला.